अहवालात ‘प्रभाव’ गटातले एकही बलस्थान नाही. पुरवठादारांचे काम स्वीकारावे का?

बुटीबोरीचा तपासनीस (प्रश्नकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो. बाहेरून येणाऱ्या मालाची तपासणी, म्हणजे ज्याला आम्ही इनकमिंग म्हणतो, ती माझ्याकडे आहे. ओतीव भाग, बेअरिंग, नटबोल्ट, रबरी सील असे जे काही ट्रकमधून उतरते त्याचे नमुने काढायचे, ड्रॉइंगशी ताडून पाहायचे आणि माल स्वीकारायचा की परत पाठवायचा याचा शेरा लिहायचा, हे माझे रोजचे काम आहे आणि त्यात माझे मन रमते.

मध्यंतरी कंपनीने आमच्यापैकी काही जणांकडून क्लिफ्टन स्ट्रेंग्थ्स ही बलस्थाने ओळखण्याची चाचणी करवून घेतली. वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात दिवसभराची कार्यशाळा झाली, प्रत्येकाच्या हाती रंगीत अहवाल आला, एकमेकांचे अहवाल वाचून सर्वांनी हसून घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून जो तो आपापल्या टेबलावर पूर्ववत कामाला लागला. माझी पहिली पाच बलस्थाने अशी निघाली: डिलिबरेटिव्ह, कॉन्टेक्स्ट, ॲनालिटिकल, रिस्पॉन्सिबिलिटी आणि हार्मनी. म्हणजे थोडक्यात सावधपणा, मागचा इतिहास पाहण्याची ओढ, पुरावा मागण्याची सवय, अंगावर घेतलेले काम पुरे करण्याची वृत्ती आणि वाद टाळून मेळ घालण्याकडे कल. प्रशिक्षकांनी सांगितले की एकूण ३४ बलस्थाने चार गटांत मांडली आहेत: काम तडीस नेणे, प्रभाव पाडणे, नाती जोडणे आणि दूरचा विचार करणे. माझ्या पाचांपैकी प्रभाव पाडण्याच्या गटातले एकही नाही.

आता खरी अडचण सांगतो. आमच्या साहेबांनी मला सप्लायर क्वालिटीची जबाबदारी देऊ केली आहे. त्यात टेबलावर बसून माल तपासायचा नसून पुरवठादाराच्या कारखान्यात जायचे, त्याच्या प्रक्रियेतील दोष दाखवायचा आणि त्याच्याकडून सुधारणा करवून घ्यायची असते. हे काम आजवर पाहणारे गृहस्थ बोलण्यात पटाईत आहेत. ते शेडमध्ये शिरले की समोरचा मालक स्वतः खुर्ची पुढे करतो. माझ्या आवाजात तसा दरारा नाही. बैठकीत चार माणसे जोरात बोलू लागली की मी गप्प बसतो. मी काय करू शकतो याचे उदाहरण द्यायचे तर फार मोठे काही नाही. हिंगण्याच्या एका फाउंड्रीकडून येणाऱ्या ओतीव हाउसिंगमध्ये (बाहेरील कवचात) मशीनिंगनंतर, म्हणजे यंत्रावर कापून माप आणल्यावर, छिद्रे उघडी पडत होती. मी जुन्या रिजेक्शन नोट, म्हणजे माल नाकारल्याच्या नोंदी, चाळल्या, तेव्हा दरवर्षी हा दोष जुलै-ऑगस्टच्या मालातच वाढतो असे दिसले, म्हणून वाळूतील ओल तपासावी असे मी साहेबांना लिहून दिले. अर्थात, हे कुणाच्याही लक्षात आले असते.

तेव्हा माझे प्रश्न असे की, अहवालात प्रभाव पाडण्याचे बलस्थान नसताना हे पद स्वीकारणे शहाणपणाचे आहे का? आणि जी पाच बलस्थाने आहेत ती रोजच्या कामात प्रत्यक्ष कशी वापरावीत? कार्यशाळेत याबद्दल ‘स्वतःला ओळखा’ यापलीकडे काही सांगितले गेले नाही.

निवृत्त अभियंता, कोराडी रोड

तपासनीसजी, आपला प्रश्न दोनदा वाचला. त्यात आपल्या प्रश्नाचे उत्तर आपणच देऊन ठेवले आहे आणि ते अगदी ओझरते, शेवटी ‘कुणाच्याही लक्षात आले असते’ असा शेरा मारून. आपल्याआधी त्या टेबलावर बसलेल्यांच्या हाताखाली तीच कागदपत्रे होती आणि त्यांच्या लक्षात ते आले नव्हते, हे कृपया ध्यानात घ्यावे. ज्याला जे सहज जमते त्याला ते कौशल्य वाटतच नाही, आणि म्हणून माणूस आपल्या बलस्थानांची यादी करायला बसला की नेमके तेच वगळतो. उलट ज्यासाठी त्याला घाम गाळावा लागला, ते तो अभिमानाने लिहितो.

अहवालाविषयी एक खुलासा करतो. या चाचणीमागचे डोनाल्ड क्लिफ्टन (१९२४ ते २००३) हे अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठात शिकवणारे मानसशास्त्रज्ञ होते. माणसांच्या उणिवांऐवजी त्यांच्यात काय चांगले आहे याचा अभ्यास करावा, हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या मांडणीत जन्मजात कल म्हणजे बलस्थान नव्हे. त्या कलाला सराव, ज्ञान आणि कौशल्य यांची जोड मिळाली म्हणजे तो बलस्थान होतो. त्यामुळे आपल्या हाती आलेल्या रंगीत कागदावर फक्त कच्चा माल लिहिलेला आहे. त्याचे पुढे काय होणार, हे तो कागद सांगू शकत नाही, आणि कोणते पद घ्यावे हे तर मुळीच नाही.

आता माझ्या अनुभवातील एक गोष्ट, कारण आपल्यासारखाच एक माणूस मी जवळून पाहिला आहे. औष्णिक वीज केंद्रात मोटर किंवा पंपावर काम सुरू करण्यापूर्वी परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, घ्यावे लागते. ब्रेकर बाहेर काढायचा, अर्थिंग करायचे, धोक्याचा फलक लावायचा, कुलूप घालायचे, किल्ली पेटीत ठेवायची आणि मग परमिटवर सही करायची, असा क्रम असतो. आमच्या शिफ्टमध्ये एक तरुण अभियंता होता, जो यातील प्रत्येक गोष्ट स्वतः जाऊन डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करीत नसे. फलक लागला आहे असे फोनवर सांगितलेले त्याला चालत नसे. सगळे पाहून झाल्यावरही तो कंट्रोल रूमला मोटर सुरू करण्याचा प्रयत्न करायला सांगे आणि ती सुरू होत नाही हे पाहूनच पेन उघडत असे. रोजच्या धावपळीत शिफ्ट इन्चार्ज त्याच्यावर वैतागत, ‘बापू, आज सही होईल ना?’ म्हणून फिटर त्याची थट्टा करीत आणि त्याच्या गोपनीय अहवालात ‘संथ’ असा शब्द पडला होता.

पुढे वार्षिक ओव्हरहॉलची, म्हणजे मोठ्या दुरुस्तीची, आखणी त्याच्याकडे देण्यात आली. ओव्हरहॉलमध्ये एकाच वेळी शेकडो ठिकाणी काम चालते, एका पाइपलाइनवर तीन वेगवेगळ्या ठेकेदारांची माणसे असतात आणि कोणता व्हॉल्व्ह कोणासाठी बंद केला आहे याचा घोळ झाला तर माणूस जिवाला मुकतो. तिथे त्याचा तोच सावधपणा सर्वांना हवाहवासा वाटू लागला. पूर्वी त्याच्यावर हसणारे फिटर आता त्याची सही असलेले परमिट असेल तरच काम सुरू करू म्हणून अडून बसत. त्याने आवाज कधी चढवला नाही आणि भाषण तर आयुष्यात केले नसेल. तरीही त्या काळात त्या युनिटमध्ये सर्वांत जास्त वजन त्याच्या शब्दाला होते. आपण ज्याला प्रभाव म्हणता तो याहून वेगळा काय असतो, हे मला ठाऊक नाही.

सांगायचा मुद्दा असा की पुरवठादाराकडे जाताना आपल्या पूर्वसुरींची नक्कल करण्याच्या फंदात पडू नका. ते खुर्चीवर बसून बोलतात; आपण कागद समोर ठेवा. मागच्या तीन पावसाळ्यांतील रिजेक्शन एका पानावर मांडून दिले की फारसे बोलावे लागत नाही.

शेवटची सूचना व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांच्याकडून घेतलेली आहे. १९९९ साली त्यांनी स्वतःच्या व्यवस्थापनावर एक लेख लिहिला होता, त्यात ते सांगतात की महत्त्वाचा निर्णय घेताना त्यातून काय होईल अशी आपली अपेक्षा आहे ते लिहून ठेवावे आणि नऊ ते बारा महिन्यांनी प्रत्यक्ष काय झाले त्याच्याशी ताडून पाहावे. मी नोकरीच्या उत्तरार्धात हे करीत असे. आपल्यासारख्या नोंदी जपणाऱ्या माणसाला हे जड जाऊ नये. प्रत्येक पुरवठादाराकडून परतल्यावर दोन ओळी लिहा: आपण काय केले आणि त्यामुळे काय सुधारेल असे वाटते. वर्षभराने ती वही कोणत्याही चाचणीपेक्षा जास्त बोलेल.

मानसशास्त्राची प्राध्यापिका, धरमपेठ

काकांनी लिहिलेल्या बहुतेक गोष्टींशी मी सहमत आहे, परंतु अहवाल कसा वाचावा याविषयी थोडे अधिक काटेकोरपणे सांगणे आवश्यक वाटते.

या चाचणीत विधानांच्या १७७ जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीतील कोणते विधान आपल्याला अधिक लागू पडते हे साधारण २० सेकंदांत निवडावे लागते. त्यातून जो क्रम तयार होतो तो आपल्याच ३४ गुणांचा आपापसातील क्रम असतो. इतर माणसांच्या तुलनेत आपल्यात तो गुण किती आहे, हे त्यावरून कळत नाही. म्हणजे प्रश्नकर्त्यांच्या पहिल्या पाचांत प्रभावाचे एकही बलस्थान नाही याचा अर्थ एवढाच की त्यांच्यात इतर पाच गोष्टी त्याहून अधिक ठळक आहेत. सहाव्या किंवा आठव्या क्रमांकावर ते असू शकते. शिवाय ३४ पैकी फक्त आठच बलस्थाने त्या गटात येतात, त्यामुळे पहिल्या पाचांत त्यातले एकही न येणे ही काही दुर्मीळ घटना नाही. चार गट ही समजुतीसाठी केलेली मांडणी आहे. तिला कुंडलीतल्या रिकाम्या घरासारखे वाचू नये.

दुसरी गोष्ट, असे अहवाल वाचताना ‘अगदी माझेच वर्णन’ असे जे वाटते त्यावर फार विसंबू नये. बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्व चाचणीचा निकाल म्हणून एक वर्णन दिले आणि ते किती अचूक आहे याला ० ते ५ गुण देण्यास सांगितले. सरासरी ४.२६ आली. नंतर त्यांना कळले की सर्वांना शब्दशः एकच वर्णन दिले होते आणि त्यातील वाक्ये बाजारात मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून घेतलेली होती. हा प्रयोग १९४९ साली प्रसिद्ध झाला आणि आजही आम्ही पहिल्या वर्षाच्या वर्गात तो करून दाखवतो; दरवर्षी मुले तितकीच चकित होतात. क्लिफ्टन चाचणी त्या दर्जाची आहे असे मी म्हणत नाही, ती पुष्कळ काळजीपूर्वक बांधलेली आहे. मात्र वर्णन पटले एवढ्यावरून ते खरे ठरत नाही, त्यासाठी कामातील पुरावा हवा.

तो पुरावा मिळवण्याची एक चांगली रीत मिशिगन विद्यापीठातील अभ्यासकांनी रूढ केली आहे. आपल्याला ओळखणाऱ्या दहा-वीस जणांना, यात जुने सहकारी, वरिष्ठ, घरचे, मित्र असे सर्व प्रकारचे लोक असावेत, एवढेच विचारायचे की मी माझ्या सर्वोत्तम रूपात तुम्हाला केव्हा दिसलो, तो प्रसंग लिहून द्या. विशेषणे मागायची नाहीत, प्रसंगच मागायचे. मग ते सगळे प्रसंग शेजारी ठेवून त्यांत पुन्हा पुन्हा काय येते ते पाहायचे. आपल्याकडे असे तोंडावर चांगले बोलण्याची आणि ते मागण्याची रीत नसल्यामुळे सुरुवातीला फार संकोच वाटतो. ‘कंपनीच्या प्रशिक्षणाचा भाग आहे’ असे सांगितले की लोक मोकळेपणाने लिहितात, असा माझ्या विद्यार्थ्यांचा अनुभव आहे.

आणि आपल्या स्वतःच्या निरीक्षणासाठी एक कसोटी सुचवते. एखादे काम चांगले जमणे आणि ते केल्यावर ताजेतवाने वाटणे या वेगळ्या गोष्टी आहेत. काही माणसे हिशेब चोख करतात, पण महिनाअखेरीस पार गळून जातात. त्यांचे ते कौशल्य आहे, बलस्थान नाही. जुन्या रिजेक्शन नोट चाळताना आपल्याला वेळेचे भान राहिले होते का, हे आठवून पाहावे.

हिंगण्याचा फाउंड्रीवाला

सर्वप्रथम, प्रश्नात उल्लेख आलेली फाउंड्री माझी नाही असे गृहीत धरून लिहितो. असल्यास पुढच्या आठवड्यात चहाला यावे.

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो, त्यामुळे येथे चाललेली चर्चा वाचून थोडे आश्चर्य वाटले. आपल्याला वाटते की आम्ही पुरवठादार दरारा असलेल्या माणसाला मानतो. खुर्ची पुढे करतो हे खरे; चहाही मागवतो. परंतु तो माणूस परत गेल्यावर शेडमध्ये काय बदलते, हे विचारले तर उत्तर बहुतेक वेळा ‘काही नाही’ असे आहे. ‘तुमचा माल खराब येतो, सुधारा’ असे ओरडून सांगितल्याने काय सुधारायचे ते आम्हाला कळत नाही. पुढच्या वेळी आम्ही फक्त माल पाठवण्याआधी जरा जास्त घासूनपुसून पाठवतो.

आता आपली जुलै-ऑगस्टची नोंद घ्या. ही माहिती माझ्या कारखान्यात मला स्वतःला मिळत नाही, कारण माझ्याकडे दोष फक्त परत आलेल्या मालाच्या रूपाने येतो आणि मशीनिंग तुमच्याकडे होत असल्याने छिद्र तुम्हालाच दिसते. वाळूच्या साच्यात पाणी साधारण ३ ते ४ टक्क्यांच्या आसपास ठेवावे लागते. पावसाळ्यात उघड्यावरची वाळू आधीच ओली असते आणि मिक्सरवरचा माणूस सवयीने तेवढेच पाणी ओततो. तापलेले लोखंड त्या ओलीला भिडले की वाफ होते, ती साच्यातून बाहेर पडू शकली नाही तर धातूच्या पोटात अडकते, आणि त्यालाच आम्ही ब्लोहोल म्हणतो. मात्र वाळू हेच एकमेव कारण असेल असेही नाही. सीओटू पद्धतीने (कार्बन डायऑक्साइड वायूने घट्ट करून) केलेले कोअर, म्हणजे भागातली पोकळी घडवणारे वाळूचे गाभे, दमट हवेत ओल धरतात आणि लेडल, म्हणजे वितळलेला धातू ओतायची बादली, नीट तापवलेली नसली तरी हाच दोष दिसतो. म्हणून आपण येताना ‘वाळू ओली आहे’ हा निष्कर्ष घेऊन येऊ नये, तारखांची यादी घेऊन यावे. कोणत्या तारखेच्या ओतकामात दोष होता हे कळले की त्या दिवशी कोअर कधीचे होते ते मी माझ्या रजिस्टरमधून काढू शकतो. दोषाचे कारण आपण दोघांनी मिळून शोधले तर माझा फोरमनही ऐकतो. बाहेरच्याने येऊन सांगितले तर तो मान डोलावतो आणि जुनेच करतो.

त्यामुळे आपल्यासारखा माणूस या पदावर आलेला मला हवाच आहे. परंतु आपल्या याच स्वभावाची एक बाजू आम्हाला महागात पडते, तीही सांगितली पाहिजे. सावध माणूस लॉट, म्हणजे एका खेपेचा माल, अडवून ठेवतो. नाकारतही नाही आणि स्वीकारतही नाही; ‘अजून दोन नमुने पाहतो’, ‘लॅबचा रिपोर्ट येऊ द्या’ असे चालते. तोवर माझे बिल पुढे सरकत नाही, आणि लहान फाउंड्रीत पुढच्या आठवड्याचे भंगार त्याच पैशातून घ्यायचे असते. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे माल स्वीकारल्यापासून फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात आणि माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर तो पोहोचला त्याच दिवशी स्वीकारला असे धरले जाते. कायदा आहे, पण आपल्या गिऱ्हाइकाला कायदा कोण दाखवणार? तेव्हा पूर्ण खात्री होईपर्यंत थांबण्याची सवय आपल्याला मुद्दाम आवरावी लागेल. किती नमुन्यांवर निर्णय करायचा हे आधी ठरवा आणि तेवढे झाले की हो किंवा नाही सांगून टाका. नाही म्हटलेले आम्हाला चालते, लटकत ठेवलेले चालत नाही.

आणखी एक, ईमेलवर लांबलचक अहवाल पाठवण्याआधी फोन करावा. लाजाळू माणसे सगळे लिहून कळवतात, आणि लिहिलेले प्रत्यक्ष बोलण्यापेक्षा फार कठोर वाटते.

एचआर, मिहान

फाउंड्रीवाले दादांनी जे सांगितले त्याला व्यवस्थापनाच्या अभ्यासात बलस्थानाचा अतिरेक म्हणतात. रॉबर्ट कॅप्लन आणि रॉबर्ट कायझर यांनी २००९ मध्ये याच विषयावर लिहिले होते: ज्या गुणामुळे माणूस वर चढतो तोच गुण प्रमाणाबाहेर वापरला की त्याची अडचण होते, आणि त्याला स्वतःला ते सर्वांत शेवटी कळते, कारण त्याला तो आपला चांगला गुणच वाटत असतो. त्यामुळे आपल्या पाचही बलस्थानांसमोर त्याचा अतिरेक कसा दिसेल हे लिहून काढावे आणि जवळच्या एका सहकाऱ्याला दाखवावे.

काकांच्या उत्तराला मात्र मी थोडी मुरड घालेन. त्यांच्या गोष्टीतील अभियंत्याला त्याच्या स्वभावाला साजेसे काम मिळाले ते वरिष्ठांनी दिले म्हणून. प्रत्येकाच्या नशिबी असे वरिष्ठ नसतात, आणि नवे पद हे शिवून आलेल्या तयार कपड्यासारखे घेतलेच पाहिजे असेही नाही. एमी रेझनेव्स्की आणि जेन डटन यांनी २००१ साली जॉब क्राफ्टिंग, म्हणजे आपले काम आपणच घडवून घेणे, ही कल्पना मांडली. त्यांच्या अभ्यासात रुग्णालयातील सफाई कर्मचारीही होते. त्यांपैकी काही जण नेमून दिलेली फरशी पुसून मोकळे होत असत, तर काही जण रुग्णांशी बोलणे, वाट चुकलेल्या नातेवाइकांना रस्ता दाखवणे अशी कामे आपणहून जोडून घेत आणि आपण रुग्ण बरे करण्याच्या कामाचा भाग आहोत असे मानीत. पद एकच, पगार एकच, पण कामाची हद्द त्यांनी स्वतः आखली. आपल्या पदाबाबतही काही भाग हलवता येतात, काही नाहीत, आणि हे साहेबांशी होकार देण्यापूर्वी बोलून घ्यावे. होकारानंतर ते तक्रारीसारखे ऐकू येते.

प्रत्यक्ष काय मागावे, तर पुरवठादारांच्या दोषांचा इतिहास आणि त्यावरून भेटींची आखणी पूर्णपणे माझ्याकडे असावी. भेटीत तांत्रिक चर्चा मी करेन. मात्र दर, दंड किंवा ऑर्डर थांबवण्याचा विषय मालकाच्या पातळीवर गेला की खरेदी विभागाचा माणूस सोबत असावा. असे वाटून घेणे म्हणजे कमीपणा नाही. साहेबांशी बोलताना त्या रंगीत अहवालाचा उल्लेख करू नका, हाउसिंगच्या छिद्रांचा करा. ‘माझे बलस्थान ॲनालिटिकल आहे’ हे वाक्य ऐकून कोणत्याही साहेबांनी काही बदलल्याचे मला आठवत नाही.

आणि एक अप्रिय गोष्ट. बलस्थानांवर भर द्या याचा अर्थ उणिवांकडे पाठ फिरवा असा अनेक कार्यशाळांत लावला जातो, तो चुकीचा आहे. जे कौशल्य त्या पदाला लागतेच त्याची किमान पातळी गाठावीच लागते. चार माणसे जोरात बोलत असताना गप्प राहणे तपासणीच्या टेबलावर खपून जाईल, पुरवठादाराच्या बैठकीत खपणार नाही. त्यासाठी वक्ता व्हायची गरज नाही. बैठकीच्या सुरुवातीलाच, गोंगाट सुरू होण्याआधी, ‘मी पाच मिनिटे आकडे दाखवतो, मग चर्चा करू’ असे म्हणून आपले पान पुढे ठेवायची सवय लावली तरी बरेच साधते.

बुटीबोरीचा तपासनीस (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मॅडमनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर, त्या नोट चाळताना कॅन्टीनची वेळ टळून गेली होती आणि स्टोअरचा माणूस कुलूप लावायला आला तेव्हा मी भानावर आलो.

साहेबांशी बोललो. दोष-इतिहास आणि भेटींची आखणी माझ्याकडे द्यायला ते लगेच तयार झाले. ऑर्डर थांबवण्याच्या चर्चेला खरेदी विभागाचा माणूस येईल हेही त्यांनी मान्य केले, फक्त ‘प्रत्येक वेळी नाही’ अशी अट घातली. सहा महिने काम करून पाहावे, असे ठरले आहे.

एकच शंका उरली आहे. मेळ घालण्याकडे माझा कल आहे आणि माल परत पाठवणे हे तर मेळ मोडण्याचेच काम आहे. टेबलावर असताना मी शेरा लिहून मोकळा होत असे, समोर माणूस नसायचा. आता ज्याने चहा पाजला त्यालाच तोंडावर नकार द्यायचा आहे. हे कसे निभवावे?

निवृत्त अभियंता, कोराडी रोड

नकाराचे निकष भांडण नसताना ठरवून घ्या. दोष किती झाला की लॉट परत, किती झाला की चांगले भाग निवडून ठेवायचे, हे वर्षाच्या सुरुवातीला दोघांच्या सहीने कागदावर आले की पुढे आपण नकार देत नाही, कागद देतो. मेळ घालणारा माणूस असा कागद करवून घेण्यात भांडखोर माणसापेक्षा नेहमी पुढे असतो, कारण समोरच्याला काय परवडेल ते तो आधी विचारतो. तो तरुण अभियंताही ठेकेदारांबरोबर ओव्हरहॉलच्या महिनाभर आधी बसत असे.

हिंगण्याचा फाउंड्रीवाला

काकांचे म्हणणे बरोबर आहे, आणि आम्हीही सही करू. चहाची काळजी करू नका, तो नकार दिल्यावरही मिळतो.

आमच्याकडे येणार असाल तर पाऊस सुरू होण्याआधी या, म्हणजे वाळूची शेड झाकण्याचे काम मला त्याच हंगामात करता येईल. सकाळी ओतकाम नसते तेव्हाची वेळ ठेवा, फोरमन मोकळा असतो. मागच्या वर्षीच्या सदोष मालाच्या तारखा आठवडाभर आधी पाठवा, मी कोअरचे रजिस्टर काढून ठेवतो. वाळूच्या ओलीची नोंद कोणत्या नमुन्यात हवी तेही तेव्हाच कळवा; प्रत्येक कंपनीचा फॉर्म वेगळा असतो आणि ते सगळे भरणारा माणूस आमच्याकडे एकच आहे.